चार लाखांचं स्थळ

गणराजने चाकणच्या कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली आणि मोशीतल्या घरातून ऑनलाइन कुर्ते विकायला सुरुवात केली. वर्षभराने तो राजगुरुनगरला मुलगी पाहायला गेला. पोहे हातात येताच त्याचे वडील उद्धवराव म्हणाले, "पोरगं घरबसल्या महिन्याला चार लाख कमावतंय. कुणाची शिफ्ट न्हाई, कुणी साहेब न्हाई!"

गणराजनेही लगेच मोबाइलवरचा विक्रीचा आलेख मुलीच्या वडिलांपुढे धरला.

मग दोघांना बोलायला सोडून मोठी माणसं बाहेर गेली. विजयश्रीने विचारलं, "चार लाखांचा माल विकता, ते कळलं. पण खरेदी, जाहिरात, कमिशन, कुरिअर आणि परत येणारा माल, हे सगळं जाऊन हातात किती राहतात?"

गणराजची नजर मोबाइलवरून हलेना. "सध्या दहा-बारा हजार. पण बिझनेस स्केल होतोय."

"आणि नोकरीत किती मिळायचे?"

"बत्तीस."

ती गोड हसली. परतताना उद्धवराव खुशीत होते. "पोरगी हिशेबी हाय. होकार आलाच समज."

दुसऱ्या दिवशी होकार आला नाही, रिटर्नची रिक्वेस्ट आली. काल विजयश्रीने घातलेला कुर्ता गणराजच्याच दुकानातून मागवलेला होता, आणि तो परत करण्याचं कारण तिने लिहिलं होतं:


"फोटोत दाखवतात तसं प्रत्यक्षात नाही."