हिरवी खरेदी

"आमची संस्था नवं कापड घेतच न्हाई, सगळं जुन्यावर भागवतो!" आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मिरज हापिसात खरेदी बघणारा जयराज छाती फुगवून सांगायचा. त्याची नोकरी पक्की करायची का, ते ठरवायला परदेशातनं मॅडम आल्या. त्यानं जुन्या मालातली झकास हिरवी साडी त्यांना नेसायला दिली, "व्हय" एवढा एकच शब्द शिकवला आणि महिला मेळाव्याच्या स्टेजवर चढवलं.

पदराला उदबत्तीनं पडलेलं भोक बघून पहिल्या रांगेतली रंगुबाई ताडकन उठली. "आगं बया! ही साडी तर म्या धाकट्या जावंच्या, शालूच्या मढ्यावर घातलेली!"

जुनं कापड पुरवणारा गडी मसणवट्याला का खेटून राहतो, ते जयराजला आत्ता उमगलं.

रंगुबाईनं स्टेजपुढं जाऊन हात जोडले. "शालू, परत आलीस व्हय गं?"


मॅडम गोड हसल्या. "व्हय."