पिठाच्या गोळ्या

चौऱ्याहत्तर साली चिखलीत आम्हा दोघी बहिणींचे पाय मल्टिपल स्क्लेरोसिसनं लुळे पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी संशोधनासाठी दोन बाटल्या दिल्या. “एकीत औषध, दुसरीत पिठाच्या गोळ्या. कोणाची कुठली, मलाही माहीत नाही.” “एका पोरीले पीठ चारू का मी?” आई घरी पुटपुटली. तिनं दोन्हींतल्या गोळ्या परातीत एकत्र मिसळल्या आणि बाटल्यांत सारख्या भरल्या. मी ते पाहिलं; धाकटी कोकिळा बाहेर खाटेवर होती, तिला कळलं नाही. वर्षभरानं मी चालू लागले, कोकिळा नाही. डॉक्टरांनी बंद पाकीट फोडलं. “थोरलीला औषध होतं, धाकटीला पीठ. औषध लागू पडलं!” आई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. दोघींनी सारखंच तर खाल्लं होतं. मग मी कशानं उठले? कोकिळा हसली. “माय, आता मले खरी गोळी भेटन. मीबी चालीन ना?” “हाव बाई,” आई म्हणाली, “चालशीन.”