निळी फोल्डरं

परराष्ट्र मंत्रालयाच्या तिजोरीत ठेवण्याआधी इरेशाने निळं फोल्डर उघडलं. आत लाखेच्या शिक्क्यावर सिंह होता.

सिंह म्हणजे श्रीलंकेचं अनुसमर्थनपत्र, करार मान्य असल्याचं. आपलंच. ते एव्हाना पाहुण्यांच्या बॅगेत असायला हवं होतं आणि त्यांचं इथे.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. सह्यांच्या दिवशी ज्या प्रतीवर आपलं नाव आधी, ती प्रत आपण घरी न्यायची. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. आज करारावरच्या सह्या नव्हत्या, पत्रांची अदलाबदल होती. मंत्र्यांनी फोल्डरं एकमेकांच्या हातात दिली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला आणि चहासाठी दोघांनीही ती टेबलावर ठेवली. तिने शिक्के बघून ज्याचं त्याला परत दिलं. व्यवस्थित, सवयीने.

विक्रमरत्ने सर दिवाणखान्यात पॅटिस खात होते.

"सर, पत्रं बदललीच नाहीत."

"हळू बोल, मंत्री आत आहेत." त्यांनी तोंड पुसलं. "फोटो निघालाय. अदलाबदलीच्या नोंदीवर सह्या झाल्यात. उद्या कुरिअरने मागवू."

"आणि त्यांनी तिकडे उघडून बघितलं तर? देवाणघेवाण झालीच नाही म्हणतील. मागे एका तारखेवरून त्यांनी सात महिने घालवले होते, सर."

सरांनी अर्धं पॅटिस बशीत ठेवलं. "गाडी पोर्चमधून सुटली असेल. पळ."

ती जिन्यावरून धावत निघाली. फाटकाजवळच्या बाकावर पोडिमेनिके सकाळपासून बसली होती, हे तिला माहीत होतं. म्हातारीचा मुलगा सुमिंद पाहुण्यांच्या देशात तुरुंगात होता. खोकताना रक्त पडतं, असं त्याने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. कैद्यांना मायदेशी पाठवण्याच्या करारावर सह्या होऊन चार वर्षं झाली होती. पण दोन्ही संसदांनी तो मान्य करून तशी पत्रं एकमेकांच्या हाती देईपर्यंत करार नुसता कागद होता. पत्रं दिल्यापासून तिसाव्या दिवशी तो लागू होणार होता. आजारी कैदी आधी.

"तीसच ना, मिस?" सकाळी तिने विचारलं होतं. "एकतीस नाही?"

"तीसच, अम्मे. मी स्वतः मोजीन."

गाडी फाटकाशी थांबली होती. पहारेकरी अडसर वर करायला निघाला होता. इरेशाने पुढच्या खिडकीच्या काचेवर थाप मारली. पाहुण्यांचा सचिव काच खाली करून त्रासिक चेहऱ्याने म्हणाला, "बाई, विमान आहे आमचं."

तिने फोल्डर उघडून त्याच्यासमोर धरलं.

त्याने सिंह पाहिला. मग मांडीवरची बॅग उघडली, स्वतःचं फोल्डर काढलं आणि आत डोकावून पाहिलं. आत शिक्का त्याच्याच देशाचा होता. मागच्या सीटवर त्याचे साहेब फोनवर हसत होते.

"कुणाला कळलंय?" तो पुटपुटला.

"माझ्या साहेबांना."

"माझ्या साहेबांना नको." त्याने आपलं फोल्डर खिडकीतून पुढे केलं. सोडलं मात्र नाही. "आधी तुमचं द्या."

"एकदम," ती म्हणाली.

क्षणभर दोन्ही फोल्डरं दोघांच्याही हातात होती. मग त्याने एक ओढून घेतलं, दुसरं तिच्याकडे राहिलं. काच वर गेली. अडसर उचलला गेला आणि गाडी गॉल रस्त्याच्या गर्दीत शिरली.

इरेशाने फोल्डर उघडून शिक्का पाहिला. सिंह नव्हता. बंद केलं. पुन्हा उघडून पाहिला.

वळली तेव्हा पोडिमेनिके बाकावरून उठून उभी होती. उजव्या हाताची करंगळी तिने तळव्याशी घट्ट दुमडून धरली होती.

"टाळ्या ऐकल्या तेव्हाच मी पहिला दिवस धरला होता, मिस," ती म्हणाली. "वर टाळ्या झाल्या ना?"

"झाल्या, अम्मे."

म्हातारीने तिच्या हातातल्या फोल्डरकडे पाहिलं. मग गाडी गेली त्या रस्त्याकडे.  तिने करंगळी हळूच सरळ केली, आणि पहिला दिवस म्हणून पुन्हा दुमडली.