तळ्याकाठचं झाड

तळ्याकाठच्या खंड्या पक्ष्याचा फोटो निवृत्त पोस्टमास्तरांना झकास साधला होता. एकच खोट होती, पक्षी विजेच्या तारेवर बसला होता. निसर्गाच्या फोटोत तार कशाला, म्हणून त्यांनी ती कॉम्प्युटरवर पुसून टाकली.

“अहो, हा हवेत बसलाय,” मागून बायको म्हणाली.

मग दुसऱ्या एका फोटोतली फांदी आणून त्यांनी खंड्याच्या पायाखाली दिली. नुसती फांदी आली कुठून असं कोणी विचारायला नको, म्हणून तिला मागे अख्खं झाड जोडलं. झाड आलं म्हटल्यावर पाण्यात त्याचं प्रतिबिंबही पाडावं लागलं. एवढ्या डेरेदार झाडापुढे खंड्या बिचारा डाग पडल्यासारखा दिसायला लागला. पोस्टमास्तरांनी मन घट्ट केलं आणि फोटो एका बाजूने कापून खंड्यालाच बाहेर काढलं.

फोटो क्लबच्या स्पर्धेत त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पोस्टमास्तरांना आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. “त्या झाडाने वेड लावलंय बघा. रविवारी आम्ही सगळे तळ्यावर येतोय. झाड तेवढं दाखवा.”

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको नर्सरीत उभे होते.

“चांगलं डेरेदार होणारं झाड पाहिजे,” पोस्टमास्तर चाचरत म्हणाले.

“हे न्या. मस्त वाढेल,” माळ्याने एक वीतभर रोप पुढे केलं. “घाई नाही ना?”

“आहे थोडी,” बायको म्हणाली. “रविवारी मंडळी बघायला येणारेत.”