वळणावरची खिडकी

पाठीवर बॅगा टाकून प्रवाशांच्या हॉस्टेलांत मुक्काम करत भटकायला निघालेल्या मरामा आणि पिपा या मैत्रिणी न्यूझीलंडच्या डोंगरगाडीत शेवटच्या डब्यात बसल्या होत्या. मोठ्या वळणावर सगळ्यात पुढचा डबा दिसला. तिथल्या खिडकीतून एक मुलगी मरामाकडे टक लावून बघत होती. रेनकोटही मरामासारखाच, पिवळा.

"अगं, ही तर हुबेहूब तूच!" पिपा खिदळली.

"थांब, बघूनच येते."

मरामा सगळ्यात पुढच्या डब्यात पोचली, तर खिडकीजवळची ती जागा रिकामी होती. सीट मात्र अजून उबदार होती. ती तिथेच टेकली.

पुढचं वळण आलं. शेवटच्या डब्याच्या खिडकीत पिपाशेजारी पिवळा रेनकोट दिसला.

मरामाने जोरजोरात हात हलवला. परक्या माणसाकडे बघून हसावं तशी पिपा हसली आणि पुन्हा शेजारच्या मुलीशी बोलू लागली.