पडद्यावरच्या रेघा

“तेवढा कॉम्प्युटर बंद कर ना, लाव्हिनिया. माझ्या पडद्यावर नुसत्या रेघा येतायत,” आना म्हणाली. ती नेहमीसारखी सोनोग्राफीचं मशीन घेऊन राजधानीहून, नुकुआलोफाहून, बोटीने बेटावर आली होती, आणि दवाखान्यात ते लावायला लाव्हिनियाच्या नोंदणीच्या खोलीशिवाय दुसरी जागा नव्हती.

लाव्हिनिया टाइप करत राहिली. नोंदी आजच पाठवायच्यात, म्हणाली. एरवी कुणी पोटुशी बाई आली की ती न सांगता प्लग काढायची आणि अंगणात जाऊन बसायची. आज पलंगावर तिची भावजय होती, मालिया. लग्नाला वर्ष झालं नाही तोच हिला दिवस गेले. लाव्हिनियाच्या स्वतःच्या लग्नाला किती वर्षं झाली, हे विचारलेलं तिला खपत नसे. ती जळत होती, उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं?

दाराबाहेर मालियाचा नवरा सेमीसी उभा होता. त्याला बायकोशेजारी उभं राहून बाळ बघायचं होतं. पण आत सख्खी थोरली बहीण बसलेली, आणि पलंगावर बायकोचं पोट उघडं. अशा खोलीत टोंगातला कुठला भाऊ पाऊल टाकेल? हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच लाव्हिनिया खुर्ची सोडत नव्हती.

मालियाने एकदा धीर केला. “वन्सं, तुम्ही घटकाभर बाहेर बसलात तर ते आत येतील.”

“त्याला काय करायचंय बघून? पुरुषमाणसाला त्यातलं काय कळतं?”

मालियाने मान वळवली. नवऱ्याच्या बहिणीला उलटून बोलायची रीत नव्हती. आत्याच्या हक्काने बाळाचं नाव हीच ठेवणार, आणि उद्या मनात आलं तर बाळ मागून स्वतःच्या घरीही नेणार. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

आनाने पोटावर आणखी जेल लावलं, पुन्हा सगळीकडून पाहिलं. मग हळूच विचारलं, “शेवटचं कधी हललं होतं?”

“काल दुपारी.”

“या रेघांत मला ठोका सापडत नाहीये.”

लाव्हिनियाची बोटं थांबली. वाकून तिने टेबलाखालचा प्लग उपटला. अर्ध्यावर आलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्या. आनाचा पडदा स्वच्छ झाला. एक चिमुकलं काळीज लगबगीने उडत होतं. आनाने आवाज वाढवला तसं ते खोलीभर ऐकू आलं, आणि मालियाला रडू फुटलं.

आता लाव्हिनियाला तिथे काही काम उरलं नव्हतं. आनाने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती बंद कॉम्प्युटरसमोर तशीच बसून राहिली.

बाहेरून सेमीसीने विचारलं, कुणा एकीला नाही, दारालाच, “कसं आहे?”

“माझं बाळ छान आहे,” लाव्हिनियाने सांगितलं.

मालियाने ओल्या पोटावर दोन्ही हात ठेवले.