वकीलबाईंचा दिवा

"'माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे की', हे पालुपद आज नको," प्रसिद्ध नट चंद्रहास घोडगे कोर्टात शिरताना गुरकावला. "माझ्या ड्रायव्हरला मी जिवे मारलं नाही, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा."

ॲडव्होकेट वासंती कडलगांनी चिडून होकार दिला. आधीचे दोन वकील त्याने हाकलले होते, आणि वर्षभर त्या त्याचा आरडाओरडा ऐकत होत्या.

वकिलांच्या माइकवर दिवे बसल्यापासून सगळे वकील त्या पालुपदाआडूनच बोलत. बोलणाऱ्याचा स्वतःच्या शब्दांवर विश्वास नसला की दिवा लाल व्हायचा, एरवी विझलेला राहायचा. आरोपींना मात्र कायद्याने त्यातून सूट होती.

"चंद्रहास घोडगे निर्दोष आहेत," वासंतीबाई म्हणाल्या.

दिवा लाल झाला.

यंत्र बिघडलं असेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग आठवलं, वकीलपत्र घेतल्यापासून त्यांनी त्याला एकदाही नीट विचारलं नव्हतं. त्यानेच मारलं, हे टीव्हीवर ऐकलेलंच त्यांनी खरं धरलं होतं.

शेजारी बसलेला चंद्रहास उठला. आता हा ओरडणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. तो त्यांच्या माइकपाशी वाकला.

"मी त्याला मारलं नाही."

दिवा विझला.

"आरोपीचा दिवा ग्राह्य नाही," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "फक्त बाईंचा नोंदवून घ्या."

वर्षभरात पहिल्यांदाच चंद्रहास त्यांच्यावर ओरडला नाही.